इंटरनेटची वायर काढल्यावरही चालणारा कॅमेरा

घराबाहेर कॅमेरा बसवायचा म्हटलं की दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती मेगापिक्सेलचा दाखवू?" त्याआधी आपण एक प्रश्न विचारायला हवा. राउटरला येणारी इंटरनेटची वायर काढून ठेवली तर घरातल्या मोबाइलवर चित्र दिसत राहील का? रेकॉर्डिंग चालू राहील का? रात्री फाटकाच्या आत माणूस आला तर अंगणातला दिवा आपोआप लागेल का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर कॅमेरा तुमच्या ताब्यात आहे. एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर तो लांब कुठल्यातरी सर्व्हरच्या ताब्यात आहे आणि तुम्ही फक्त त्याचे पैसे भरले आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न फार जवळचा आहे. एप्रिल-मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की खांबावरची फायबर तुटते, लाईट जाते, गल्लीच्या टोकाचा इंटरनेटवाल्याचा स्विच बंद पडतो. सगळीकडे अंधार असताना कॅमेऱ्याची खरी गरज असते आणि इंटरनेटवर अवलंबून असलेला कॅमेरा नेमका तेव्हाच आंधळा होतो.

इथे दोन शब्द ओळखीचे करून घ्यावे लागतील. पहिला आरटीएसपी. कॅमेऱ्याने आपलं चित्र घरातल्या नेटवर्कवर सोडण्याची ही पद्धत आहे. शेताच्या कडेने पाट वाहतो आणि ज्याला हवं तो बारं फोडून पाणी घेतो, तसं टीव्ही, संगणक, रेकॉर्डर यांपैकी कोणीही हा प्रवाह घेऊ शकतो; पासवर्ड तेवढा हवा. दुसरा शब्द ऑनव्हिफ. ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी २००८ मध्ये एकत्र येऊन ठरवलेली ही सामाईक भाषा आहे. तिच्यामुळे एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला कळतो. तिच्यात प्रोफाइल असतात: 'एस' म्हणजे साधं चित्र, 'टी' म्हणजे एच.२६५ (चित्र दाबून लहान करण्याची नवी पद्धत) चित्र आणि हालचालीची खबर, 'जी' म्हणजे कॅमेऱ्यातल्या कार्डावरचं रेकॉर्डिंग. खोक्यावर नुसतं 'ऑनव्हिफ' छापलेलं पाहून थांबू नका. प्रोफाइल 'टी' आहे का, ते विचारा.

बॅटरीवर चालणारे वायरलेस कॅमेरे या कामासाठी जवळजवळ सगळे बाद होतात. बॅटरी वाचवायला ते झोपलेले असतात आणि हालचाल झाली की जागे होतात. सतत वाहणारा पाट त्यांना परवडतच नाही. टॅपोच्या वायरवर चालणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत ॲपमधून वेगळं 'कॅमेरा अकाउंट' बनवलं की आरटीएसपी मिळतं. त्याच कंपनीच्या बॅटरीवाल्यांत मिळत नाही. हिकव्हिजन, दाहुआ, सीपी प्लस यांचे नेटवर्क कॅमेरे ब्राउझरमधून, इंटरनेटशिवाय सुरू करता येतात. फक्त हिकव्हिजनमध्ये ऑनव्हिफ मुळात बंद असतं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं आणि त्यासाठी वेगळा वापरकर्ता बनवावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे 'कॅमेरा जुळत नाही' म्हणून चांगला कॅमेरा परत करणारे पुष्कळ भेटतात.

केंद्र सरकारच्या नियमानुसार ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचणीची अट लागू झाली आहे. त्यामुळे बिलावर मॉडेल क्रमांक आणि कॅमेऱ्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या. तरी या चाचणीवरून तुमचा मूळ प्रश्न सुटत नाही. इंटरनेटशिवाय कॅमेरा चालतो का, ते स्वतःच बघावं लागतं.

बघायचं असं. दुकानात किंवा परतीच्या मुदतीत घरी, कॅमेरा राउटरला जोडा आणि पासवर्ड ठेवा. लॅपटॉपवर व्हीएलसी हा मोफत व्हिडिओ प्लेयर उघडून 'नेटवर्क स्ट्रीम'मध्ये आरटीएसपीचा पत्ता टाका. त्याचं दार, म्हणजे पोर्ट, सहसा ५५४ असतं. हिकव्हिजनच्या पत्त्याच्या शेवटी १०१ घातलं की मुख्य प्रवाह मिळतो आणि १०२ घातलं की हलका उपप्रवाह. चित्र दिसलं की राउटरची इंटरनेटची वायर काढा, कॅमेऱ्याची वीज बंद करून पुन्हा चालू करा आणि दोन मिनिटं थांबा. चित्र परत दिसायला हवं. वीज बंद-चालू करणं विसरू नका, कारण काही कॅमेरे चालू असताना नीट चालतात, पण उठताना सर्व्हर सापडला नाही की अडून बसतात. आणखी एक अडचण हमखास येते. पासवर्डमध्ये ॲट किंवा हॅशचं चिन्ह असेल तर आरटीएसपीचा पत्ता मध्येच तुटतो आणि पासवर्ड बरोबर असूनही 'चुकीचा' दाखवतो. कॅमेऱ्याचा पासवर्ड अक्षरं आणि आकडे यांचाच ठेवा, मात्र लांबलचक ठेवा.

मेगापिक्सेल कमी, काच आणि सेन्सर जास्त

माणूस ओळखता येईल असं चित्र हवं असेल तर चेहऱ्याच्या जागी दर मीटरला साधारण २५० पिक्सेल पडायला हवेत. कॅमेऱ्यांच्या युरोपीय मानकात हा आकडा धरतात. आता हिशेब करा. ४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र २५६० पिक्सेल रुंद असतं. त्याला २.८ मिलिमीटरची काच (लेन्स) असेल तर ४ मीटरवर त्याला सुमारे १० मीटर रुंदी दिसते, म्हणजे मीटरमागे २५० पिक्सेल. थोडक्यात, दुकानदार "अख्खं अंगण दिसतं" म्हणून देतो त्या कॅमेऱ्यात ४ मीटरच्या पुढचा चेहरा ओळखू येण्याची खात्री नाही. माणूस आहे हे दिसेल, पण कोण आहे ते कळणार नाही. ४ मिलिमीटरच्या काचेने हे अंतर ६ मीटरच्या आसपास जातं, ६ मिलिमीटरच्या काचेने १० मीटरपर्यंत.

म्हणून एकाच कॅमेऱ्याकडून दोन कामं करून घेऊ नयेत. अंगणावर नजर ठेवायला रुंद काचेचा एक, आणि फाटकावर चेहरा टिपायला ६ मिलिमीटरचा दुसरा. फाटकाचा कॅमेरा अडीच ते तीन मीटर उंचीवर लावा. "चोराचा हात पोचू नये" म्हणून तो गच्चीच्या कठड्यावर चढवला की रेकॉर्डिंगमध्ये टोप्या आणि टकलं तेवढी येतात.

रात्री मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरचा, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, आकार कामाला येतो. १/३ इंचाच्या सेन्सरवर ८ मेगापिक्सेल कोंबले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला प्रकाश कमी येतो आणि चालणाऱ्या माणसाचा ढग होतो. त्याऐवजी १/१.८ इंचाच्या सेन्सरचा ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या. माहितीपत्रकात हा आकडा सहसा असतो. तो लपवलेला असेल तर तो कॅमेरा सोडून द्या. सेटिंगमध्ये वीज ५० हर्ट्झ निवडा. ६० वर राहिलं तर रस्त्यावरच्या दिव्याखाली चित्रात आडवे पट्टे फिरत राहतात. रात्रीचा शटर १/५० पेक्षा सावकाश ठेवू नका. चित्र थोडं काळं आलं तरी चालेल, पुसट नको.

आकारांत टरेट, म्हणजे वाटीत बसवलेल्या उघड्या गोळ्यासारखा, चांगला. घुमटीच्या डोममध्ये इन्फ्रारेड उजेड प्लास्टिकवर आपटून परत येतो आणि वर्षभराच्या धुळीने ते प्लास्टिक ओरखडलं की रात्री सगळं पांढुरकं दिसतं. बुलेट, म्हणजे लांबट नळीसारखा, लांबवर बघायला ठीक, पण त्याच्या पुढच्या छज्जाखाली कोळी हमखास जाळं विणतात.

पाचगणी-महाबळेश्वरच्या घरांसाठी वेगळा सल्ला आहे. तिथे धुकं दाट असतं. कॅमेऱ्यातलाच इन्फ्रारेड दिवा धुक्याच्या थेंबांवर पडून सरळ काचेत परत येतो आणि पडद्यावर नुसती पांढरी भिंत दिसते. कॅमेऱ्यातला दिवा बंद करा आणि वेगळा इन्फ्रारेड दिवा किंवा साधा पिवळा एलईडी एक-दीड मीटर बाजूला लावा. कडेने आलेला उजेड परत काचेत शिरत नाही. याचा दुसरा फायदा सांगली-तासगावच्या बागायतीतल्या घरांनाही होतो: पाखरं आणि किडे दिव्यापाशी जमतात, काचेपाशी नाही. कोळिष्टकंही कमी होतात.

पाणी, वायर, वीज

आयपी ६६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि जोराचा फवारा सोसतो. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जात नाही. महाबळेश्वरच्या पावसालाही कॅमेऱ्याचं अंग ६६ असेल तर पुरतं. पाणी शिरतं ते कॅमेऱ्याच्या अंगातून नव्हे, मागे लोंबणाऱ्या जोडातून. नेटवर्कचा जोड नुसत्या इन्सुलेशन टेपने गुंडाळून भिंतीवर सोडलेला असतो. पहिल्या जुलैत त्यात पाणी जातं, पिना हिरव्या पडतात आणि सप्टेंबरात कॅमेरा मरतो. जोड जंक्शन बॉक्सच्या आत घ्या, सोबत आलेली रबरी टोपी लावा आणि वायर बॉक्समध्ये शिरण्याआधी तिला खाली झोल द्या. पाणी झोलाच्या तळाशी येऊन टपकतं, आत चढत नाही. वायरला बॉक्समध्ये नेहमी खालून आत घ्या.

कॅमेऱ्याला वीज आणि चित्र एकाच वायरमधून द्यायची पद्धत म्हणजे पीओई, आणि बाहेरच्या कॅमेऱ्यासाठी तीच घ्या. वायफायच्या कॅमेऱ्यालाही विजेची वायर लागतेच, आणि वाईच्या किंवा साताऱ्याच्या जुन्या वाड्यांतल्या काळ्या दगडाच्या भिंतींतून वायफाय जात नाही. ८०२.३एएफ या पीओई मानकाचा स्विच (नेटवर्कच्या वायरी जोडायचा डबा) प्रत्येक पोर्टवर १५.४ वॅट सोडतो आणि कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॅट पोचायची हमी देतो. साध्या कॅमेऱ्याला ते भरपूर होतं. वायरची मर्यादा १०० मीटर. काही स्विचवर '२५० मीटर'चं बटण असतं; ते दाबलं की वेग १० मेगाबिटवर येतो, हे सांगायचं दुकानदार विसरतात.

वायर शुद्ध तांब्याची कॅट-६ घ्या, बाहेरून काळ्या, उन्हाला टिकणाऱ्या आवरणाची. बाजारात निम्म्या दरात मिळते ती वायर ॲल्युमिनियमची असते आणि तांब्याचा नुसता मुलामा असतो. तिची खूण ध्यानात ठेवा: दिवसा कॅमेरा उत्तम चालतो, अंधार पडला की बंद-चालू होत राहतो. कारण रात्री इन्फ्रारेड दिवे लागतात, कॅमेरा जास्त करंट ओढतो आणि ॲल्युमिनियमच्या जास्त रोधामुळे वाटेतच व्होल्टेज पडतं. कॅमेरा बदलून उपयोग होत नाही. आतली तार ब्लेडने खरवडा. पांढरी निघाली तर वायर बदला.

मळ्यातलं घर आणि बेदाण्याचं शेड किंवा गोठा यांच्यामध्ये तांब्याची वायर ओढू नका. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. वीज जवळपास कुठे पडली तरी दोन्हींमधला फरक त्या वायरीतून धावतो आणि स्विच, रेकॉर्डर, राउटर सगळं एका फटक्यात जातं. तिथे फायबर ओढा, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि नेटवर्कची वायर जुळवणारा डबा) लावा. काचेतून करंट जात नाही. घराच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्यांसाठी पीओईचा सर्ज प्रोटेक्टर लावा, पण त्याची हिरवी वायर खऱ्या अर्थिंगला जोडलेली हवी. ती लोंबकळत ठेवली तर तो नुसता डबा.

विजेचा हिशेब सोपा आहे. चार कॅमेरे प्रत्येकी ५ वॅट, स्विच ५, छोटा संगणक १२, राउटर ८, म्हणजे एकूण ४५ वॅट. १५० अँपिअर-तासाच्या १२ व्होल्ट बॅटरीत १८०० वॅट-तास असतात. त्यातले ७० टक्के वापरले आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्चही धरला, तर फक्त एवढाच भार असताना अठरा-वीस तास सहज निघतात. दोन गोष्टी मात्र आधी करून ठेवा. इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस'वर ठेवा, नाहीतर लाईट जातानाच्या क्षणभराच्या खंडात संगणक बंद पडतो. आणि संगणकाच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'वीज आली की आपोआप सुरू हो' हा पर्याय लावा.

सांगलीच्या नदीकाठच्या भागात एक गोष्ट कधीही विसरायची नाही. रेकॉर्डर, स्विच आणि इन्व्हर्टर तळमजल्यावर ठेवायचे नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमधलं पाणी ज्यांच्या घरात आलं त्यांना हे सांगावं लागणार नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. पाणी तिकडे निघालं की पूरग्रस्त भागातली लाईट बंद करतात. अशा वेळी वरच्या मजल्यावर इन्व्हर्टरवर चालणारा कॅमेरा फाटकाच्या खांबावर रंगवलेले फुटांचे आकडे दाखवत राहिला, तर घरच्यांना निघायचं कधी ते वेळेत कळतं.

घरातला मेंदू

कॅमेरे जोडायला घरात एक छोटा संगणक हवा. इंटेल एन१०० चिपचा मिनी पीसी चार-पाच कॅमेऱ्यांना पुरतो. त्यावर होम असिस्टंट आणि फ्रिगेट हे दोन मोफत प्रोग्रॅम चालतात. फ्रिगेट कॅमेऱ्यांचा प्रवाह घेतो, चित्रात माणूस आहे की कुत्रं ते ओळखतो आणि होम असिस्टंटला एमक्यूटीटीवरून (घरातल्या यंत्रांनी एकमेकांना निरोप द्यायची पद्धत) कळवतो. होम असिस्टंट पुढचं ठरवतो: दिवा, भोंगा, मोबाइल. ओळखायचं काम इंटेल चिपमधलाच ग्राफिक्सचा भाग करू शकतो.

कॅमेऱ्यातली साधी 'हालचाल' सूचना आपल्याकडे निरुपयोगी आहे. उसाचा फड हलला, ढगाची सावली सरकली, पाखरू गेलं, सगळ्यालाच ती हालचाल म्हणते. एका रात्रीत दोनशे सूचना आल्या की माणूस मोबाइल बघायचंच सोडतो. म्हणून वस्तू ओळखणारा प्रोग्रॅम लागतो. त्याच्याही मर्यादा जाणून घ्या. असे प्रोग्रॅम बहुधा कोको नावाच्या ८० वस्तूंच्या यादीवर शिकलेले असतात. तिच्यात माणूस, गाय, कुत्रा, मांजर, मोटार आहे. ट्रॅक्टर, रिक्षा, शेळी आणि बिबट्या नाहीत. कराड-पाटणकडे उसात बिबट्याचा वावर असतो, आणि हा प्रोग्रॅम त्याला मांजर किंवा कुत्रं म्हणून मोकळा होईल. त्या भागात रात्री 'कुत्रं' आणि 'मांजर' यांच्याही सूचना चालू ठेवा आणि दार उघडण्यापूर्वी चित्र स्वतः बघा.

ओळखायला हलका उपप्रवाह द्या, ६४० गुणिले ३६०, सेकंदाला ५ चित्रं. मुख्य प्रवाह फक्त रेकॉर्डिंगला. अनेक जण ओळखायलाही मुख्य प्रवाह देतात आणि संगणक तापून अडखळतो. कॅमेऱ्यातलं 'एच.२६५ प्लस' किंवा 'स्मार्ट कोडेक' बंद करा. त्यात पूर्ण चित्र फार अंतराने येतं, त्यामुळे थेट दृश्य उघडायला वेळ लागतो आणि रेकॉर्डिंगचे तुकडे बिघडतात. आय-फ्रेमचं, म्हणजे पूर्ण चित्राचं, अंतर सेकंदाला एक ठेवा. उपप्रवाह एच.२६४ या जुन्या पद्धतीतच असू द्या, म्हणजे कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडतो.

जागा किती लागेल? ४ मेगाबिटचा प्रवाह दिवसाला ४३ जीबी खातो. चार कॅमेरे, पंधरा दिवस, म्हणजे सुमारे २.६ टीबी. कॅमेऱ्यांसाठीची ४ टीबी हार्डडिस्क घ्या; साधी डिस्क दिवसरात्र लिहिण्यासाठी बनवलेली नसते. सगळं तीन दिवस आणि माणूस दिसलेले तुकडे महिनाभर, अशी वाटणी केली तर याहून कमी जागेत भागतं.

घरात आधीच जुना डीव्हीआर (जुन्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) आणि तांब्याच्या जाड वायरीचे कॅमेरे असतील तर ते फेकू नका. नेटवर्कचं तोंड असलेले बरेचसे डीव्हीआर प्रत्येक चॅनेलचा आरटीएसपी प्रवाह देतात आणि फ्रिगेट तो आनंदाने घेतो. नवीन पीओई एनव्हीआर (नेटवर्क कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) घेतला असेल तर एक लक्षात घ्या: त्याच्या मागच्या पोर्टना जोडलेले कॅमेरे त्याच्या स्वतःच्या वेगळ्या नेटवर्कवर जातात आणि होम असिस्टंटला थेट दिसत नाहीत. तेव्हा प्रवाह कॅमेऱ्याकडून न घेता एनव्हीआरच्या पत्त्यावरून, चॅनेल क्रमांक बदलून घ्या.

दिवाही स्थानिकच हवा. फाटकात माणूस दिसला, होम असिस्टंटने हुकूम सोडला, पण बल्ब कंपनीच्या ॲपवरून चालणारा असेल तर इंटरनेट नसताना सगळी साखळी तिथेच तुटते. झिगबीचा किंवा ईएसपीहोमवर चालणारा रिले, म्हणजे घरातूनच हुकूम घेणारं दिव्याचं बटण, वापरा. मोबाइलवरची सूचना मात्र गूगल किंवा ॲपलच्या सर्व्हरवरून येते, तिला इंटरनेट लागतंच. अँड्रॉइडच्या होम असिस्टंट ॲपमध्ये 'कायम जोडणी' चालू केली तर घरच्या वायफायवर ती थेट येते. तरीही ओसरीत एक भोंगा असू द्या.

कॅमेऱ्याला इंटरनेट देऊ नका

२०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातलाच पासवर्ड ठेवलेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर गुलाम केले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. ज्यांचे कॅमेरे वापरले गेले त्यांना पत्ताही नव्हता. म्हणून राउटरमध्ये कॅमेऱ्यांच्या पत्त्यांना इंटरनेटची वाट बंद करा, जमत असेल तर त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये (घरातल्याच नेटवर्कचा वेगळा कप्पा) ठेवा. कॅमेऱ्यातलं पी२पी आणि यूपीएनपी बंद करा, ते आपोआप बाहेरची वाट उघडतात. मग एक अडचण येते: कॅमेऱ्याला वेळ कळत नाही, घड्याळ हळूहळू सरकतं आणि रेकॉर्डिंगवर चुकीची वेळ छापली जाते, जी पोलिसांना देताना नडते. त्यासाठी घरातल्या संगणकावर वेळेची सेवा चालू करा आणि कॅमेऱ्याच्या एनटीपीच्या रकान्यात त्याचाच पत्ता लिहा.

पुण्याहून घर बघायचं असेल तर राउटरमध्ये पोर्ट उघडायचं नाही, कधीच नाही. वायरगार्ड किंवा टेलस्केल वापरा; घरापर्यंत बंदिस्त खासगी वाट बनवणारे हे प्रोग्रॅम आहेत. आपल्याकडे अनेक इंटरनेटवाले एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ घरं ठेवतात, त्यामुळे पोर्ट उघडून तसाही उपयोग होत नाही. टेलस्केल त्यातूनही वाट काढतं.

शेजारच्यांची खिडकी किंवा न्हाणीघर चित्रात येत असेल तर कॅमेऱ्यातच 'प्रायव्हसी मास्क' लावून तेवढा भाग काळा करा आणि मायक्रोफोन बंद ठेवा. मास्क लावल्यावर शेजारच्या काकूंना बोलावून पडदा दाखवा.

देखभाल थोडी आहे. मृगाच्या आधी जंक्शन बॉक्स उघडून आतली सिलिका जेलची पुडी बदला आणि रबर तपासा. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असताना, पाचटाची राख उडते तेव्हा, महिन्यातून एकदा काच आधी पाण्याने धुवून मग मऊ फडक्याने पुसा. कोरडी पुसली तर ओरखडे पडतात. आणि त्याच दिवशी राउटरची इंटरनेटची वायर पाच मिनिटं काढून फाटकातून स्वतः चालत या, दिवा लागतो का ते बघायला.